टोकियोतले दोन विमानतळ आणि सुमनबाई

"ताई, आई नारिताला उतरल्या की त्यांना हॉटेलवर पाठवू नका. आजच कोचीला पोचवता येईल का?"

विशालचा हा मेसेज आला तेव्हा मी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघालेल्या एका ग्रुपचे पासपोर्ट तपासत बसले होते. विशाल म्हणजे सुमनबाईंचा जावई. तो जपानमध्ये. सुमनबाई विमानात, टोकियोपासून तासाभराच्या अंतरावर. आणि मी बीडला, बसस्टँडमागच्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत, पंख्याखाली.

मी लगेच लिहिलं, "का? काय झालं?"

"प्रज्ञाला अॅडमिट केलंय. सकाळी पाणी गेलं. तारखेच्या तीन आठवडे आधीच."

मी काही लिहिणार तोच पुढचा मेसेज आला. "आईंना यातलं काही सांगू नका प्लीज. एकट्या आहेत, घाबरतील."

मी पासपोर्टचा गठ्ठा बाजूला सरकवला.

सुमनबाई नांदूरघाटच्या. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्या पट्ट्यातली अर्धी पोरंटोरं त्यांच्याच हातून जगात आलेली. आमच्या ऑफिसात झेरॉक्स काढायला आलेला एक बाप्या त्यांना बघून पाया पडला होता, "बाई, मला वळखलं का? मी पायाळू" असं म्हणून. आता रिटायर होऊन त्या स्वतःच्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. त्यांचे मालक गावातच राहिले. म्हशी सोडून त्यांना केजच्या पुढं जायची सवय नव्हती.

पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हाच गंमत झाली होती. मी विचारलं, "बाई, कुठं जायचंय?"

"कोचीला."

मी कॉम्प्युटरवर कोची टाकलं. समोर केरळ उघडलं. आमचे काझीसाहेब, म्हणजे एजन्सीचे मालक, चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, केरळला जायला पासपोर्ट कशाला आणला?"

"केरळ कावून? जपानला हाय ना कोची. जावई तिथल्या युनिव्हर्सिटीत हाय."

तेव्हा आम्हा दोघांना कळलं की जपानमध्येही एक कोची आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो, तो एवढ्यासाठीच. नाव एक असलं तरी कोड वेगळा. नाहीतर बाई नारळाच्या झाडाखाली उतरून प्रज्ञाला शोधत बसल्या असत्या.

तर त्या कोचीला जायचं कसं? मुंबईहून थेट विमान नाही. मी मार्ग काढला तो असा. मुंबई ते बँकॉक, तिथं थोडा लेओव्हर. आपण परळीला उतरून पुढची रेल्वे येईपर्यंत फलाटावर बसतो ना, तोच लेओव्हर. फक्त इथं फलाटावर गारेगार एसी असतो आणि चहा परवडत नाही. मग बँकॉक ते टोकियो. आणि टोकियोहून कोचीला छोटं विमान.

खरी मेख टोकियोत आहे. तिथं दोन विमानतळ आहेत. बँकॉकचं विमान उतरतं नारिताला. कोचीचं विमान सुटतं हानेदाहून. दोन्हींवर टोकियोचंच नाव, पण मध्ये आख्खं शहर. बीडहून निघून केज मागं टाकावं आणि आणखी पुढं जावं, एवढं अंतर. उतरायचं, इमिग्रेशन करायचं, बॅग घ्यायची, बसमध्ये बसायचं, दुसऱ्या विमानतळावर जाऊन नव्याने चेक-इन करायचं. एकट्या बाईमाणसाला, पहिल्याच परदेश प्रवासात, हे एका दमात नको, म्हणून मी मुद्दाम रात्रीचा मुक्काम ठेवला होता. हानेदाजवळ हॉटेल, आणि सकाळी ताजंतवानं होऊन कोचीचं विमान. विशाललाही ते पटलं होतं.

आता तेच सगळं एका दमात करायचं होतं.

आमच्यात एमसीटी म्हणून एक शब्द आहे. मिनिमम कनेक्टिंग टाइम. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायला कमीत कमी किती वेळ लागतो, ते एअरलाइननं ठरवून दिलेलं असतं. नारिता ते हानेदासाठी हा वेळ चांगलाच मोठा आहे. मी हिशेब केला. कोचीचं त्या दिवसाचं शेवटचं विमान संध्याकाळी सातनंतर होतं. बाईंचं विमान वेळेवर उतरलं, इमिग्रेशनला रांग नसली, बॅग लवकर आली आणि रस्त्यात ट्रॅफिक लागला नाही, तर जमत होतं. चार जर-तर. आमच्या धंद्यात दोन जर-तर झाले की आम्ही गिऱ्हाइकाला हात जोडतो.

त्यात कोचीचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर होतं. पीएनआर म्हणजे बुकिंगचा नंबर. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असला आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढं पोचवायची जबाबदारी एअरलाइनची. दोन वेगळे असले की दुसऱ्या एअरलाइनच्या दृष्टीनं तुम्ही कुणीच नाही. उशीर झाला तर तुमचं तुम्ही बघा. शिवाय सकाळचं ते तिकीट बदलता न येणाऱ्या प्रकारातलं होतं. म्हणजे नवीनच काढावं लागणार. साइट उघडली. शेवटच्या विमानात थोड्याच सीट्स शिल्लक दिसत होत्या. मी बाईंचं नाव टाकलं, ऑफिसचं कार्ड टाकलं, आणि ओटीपी गेला काझीसाहेबांच्या फोनवर.

साहेब खालच्या सलूनमध्ये दाढी करायला गेले होते. मी फोन लावला.

"साहेब, ओटीपी सांगा. लवकर."

"क्या जी, आग लगी क्या?"

"सुमनबाईंच्या लेकीला अॅडमिट केलंय. आजच्या आज कोचीला पोचवायचंय."

साहेब अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, गळ्यात टॉवेल घेऊन वर आले. ओटीपी वाचून दाखवला. तिकीट निघालं. मग ते माझ्या खुर्चीमागं उभे राहिले आणि विचारलं, "जमेल?"

"माहीत नाही."

"जेद्दाला किती लोक पाठवले आपण! एक हरवला का?"

"जेद्दाला आपला माणूस उभा असतो साहेब. टोकियोत कोण आहे?"

साहेबांनी गालावरचा साबण टॉवेलला पुसला. खाली काही गेले नाहीत.

एक गोष्ट सांगून टाकते. मी रोज जगभरची तिकिटं काढते, पण माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर शिक्का एकच आहे, तोही जेद्दाचा. टोकियो मी नकाशावरच पाहिलंय. पण नकाशा मात्र चांगला पाहिलाय.

विमान वेळेवर उतरलं. फोनवर विमानाचं ठिकाण दाखवणारं अॅप असतं, त्यात ते पिवळं विमान थांबलेलं दिसलं. पहिला जर संपला. मग काहीच नाही. बाईंच्या फोनमध्ये परदेशातलं सिम नव्हतं, विमानतळाच्या फुकट वायफायवर सगळी भिस्त. वायफायला कसं जोडायचं हे मी त्यांना ऑफिसात दोनदा करून दाखवलं होतं. मी विशालला कळवलं, तिकीट काढलंय, बघू. तो म्हणाला, डॉक्टर म्हणतायत सगळं ठीक आहे, पण प्रज्ञा सारखी आई कुठंय विचारतेय.

जेवणाचा डबा मी उघडला आणि तसाच ठेवला.

शेवटी फोन वाजला. व्हॉट्सअॅप कॉल. बाईंचा आवाज एकदम खूश.

"जयभीम शबाना! उतरले गं बाई. लई चकाचक हाय इथं. फरशीवर तोंड दिसतंय. बॅग पण घावली. आता च्या पिते आन् तुज्या हाटेलात जाते."

"बाई, चहा नको. हॉटेलात पण नको. थेट बसनं हानेदाला जायचं आणि आजच्या विमानानं कोचीला."

"कावून?"

काय सांगावं? मी म्हटलं, "सकाळच्या विमानात जरा प्रॉब्लेम झालाय."

मग बाईंचा आवाज बदलला. दवाखान्यात टेबलाच्या पलीकडून येतो ना, तसा.

"शबाना, मला थापा मारू नको. प्रज्ञाला काय झालं?"

मी काझीसाहेबांकडं बघितलं. ते हातानंच नको नको करत होते. पण ज्या बाईला आता परक्या शहरात धावायचंय, तिला कशासाठी धावायचं हे माहीत नको? मी सांगून टाकलं.

"बाई, प्रज्ञाला अॅडमिट केलंय. पाणी गेलंय."

मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, "कवा गेलं? रंग कसा हाय, पांढरा का हिरवट? कळा चालू हायेत का?"

मला काय माहीत? मी विशालला विचारलं, त्यानं तिथल्या नर्सला मोबाइलच्या भाषांतरावर विचारलं, उत्तर माझ्याकडं आलं, मी ते बाईंना दिलं. पांढरं आहे. कळा नुकत्याच सुरू झाल्यात, अंतरानं येतायत. बाळाचे ठोके चांगले आहेत.

"मग बरं हाय," बाई म्हणाल्या. "पयली येळ हाय तिची. येळ लागंल. येवढं घाबरायचं काम न्हाई. चल, सांग कुठं जायचं."

घाबरू नका हे खरं तर मी त्यांना सांगायचं होतं.

मी त्यांना बसच्या काउंटरचं सांगितलं. नारिताहून हानेदाला जाणाऱ्या मोठ्या बस असतात, त्यांचं तिकीट बाहेर पडतो त्या हॉलमध्येच मिळतं. मी इंग्रजी आणि जपानी अशा दोन्ही अक्षरांत मोठं करून लिहून पाठवलं: मला हानेदा विमानतळाच्या डोमेस्टिक टर्मिनलला जायचंय, तिथून कोचीचं विमान पकडायचंय, कृपया मदत करा. मी म्हटलं, "बाई, बोलू नका, फक्त फोन दाखवा."

पण न बोलता राहतील तर त्या सुमनबाई कशा? काउंटर दिसेना म्हणून त्यांनी निळ्या कोटातल्या एका माणसाला थांबवलं आणि म्हणाल्या, "कोची! कोची!" तो माणूस मान लववून त्यांच्या मागं चालायला लागला. बाई थांबल्या की तो थांबे. बाई पुन्हा म्हणत, "कोची, कोची!" तो पुन्हा हसून मागं येई. फोन चालूच होता, मला फक्त बाईंचा वैताग ऐकू येत होता.

"शबाना, हा बाप्या माज्या मागं मागं कावून येतोय? रस्ता दाखव म्हणलं तर हाच माजी पाठ सोडंना."

मी विशालला विचारलं. दवाखान्यात असूनही तो हसला असावा. जपानीत 'कोच्ची' म्हणजे इकडे. बाई त्या बिचाऱ्याला मघापासून 'इकडे या, इकडे या' म्हणत होत्या आणि तो बिचारा येत होता.

"बाई, फोन दाखवा त्याला!"

फोन दाखवला. त्यानं वाचलं, बाईंच्या हातातली बॅग घेतली आणि त्यांना थेट काउंटरपाशी नेलं. तिकीट निघालं. बस सुटायच्या बेतात होती. त्या माणसानं बॅगला पट्टी लावून घेतली, बाईंना आत बसवलं आणि बस हलेपर्यंत वाकून उभा राहिला.

"लई गुणाचा माणूस निघाला गं," बाई म्हणाल्या. आणि पुढच्याच वाक्याला आवाज एकदम बारीक झाला. "शबाना, इथं कुणीच बोलंना. शाळा तपासायला साहेब आल्यावानी सगळे गप बसलेत. समोर फोनच्या चित्रावर फुली मारलीय. ठेवते."

जपानमध्ये बसमध्ये फोनवर बोलणं वाईट दिसतं, हे मला विशालनं मागाहून सांगितलं. बसमध्ये वायफाय मात्र होतं. त्यामुळं मला बाईंचं लोकेशन दिसत राहिलं. एक निळा ठिपका. तो टोकियोकडं सरकायला लागला आणि माझ्यामागं काझीसाहेब, आमच्या ऑफिसातला झेरॉक्सवाला आणि उमऱ्याच्या ग्रुपमधले एक चाचा असे तिघं उभे राहिले. चाचांना काय चाललंय ते साहेबांनी सांगितलं. चाचा दुआ पुटपुटायला लागले.

त्या बसमध्ये काय झालं ते मला बाईंनी नंतर सांगितलं. बसल्या बसल्या प्रज्ञाचा व्हिडिओ कॉल आला. घ्यावा तर बोलता येत नाही, न घ्यावा तर पोरगी तिकडं कळा देतेय. बाईंनी घेतला आणि ओठांवर बोट ठेवलं. आवाज बंद केला. प्रज्ञा पडद्यावर रडवेली, केस कपाळाला चिकटलेले. कळ आली की तिचं तोंड वाकडं व्हायचं. बाईंनी हात वर नेला, श्वास घे. हात हळूहळू खाली आणला, सोड. पुन्हा वर. पुन्हा खाली. बोलणं नाही की काही नाही. प्रज्ञा तो हात बघून श्वास घ्यायला लागली.

शेजारी एक म्हातारी जपानी बाई बसली होती. आधी तिनं नुसतंच बघितलं. मग तिच्या ध्यानात आलं. खिडकीतून उतरतं ऊन फोनवर पडत होतं आणि बाईंना लेकीचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्या म्हातारीनं खिडकीचा पडदा ओढला. तो सारखा मागं सरकायला लागला, म्हणून शेवटपर्यंत हातानं धरून बसली.

"वळख ना पाळख," बाई मला म्हणाल्या, "आन् हात आवघडला तरी सोडला न्हाई गं."

इकडं माझा ठिपका समुद्राच्या कडेला येऊन थांबला. मी नकाशा मोठा केला. रस्ता लालभडक. ट्रॅफिक. चौथा जर. काझीसाहेब म्हणाले, "आता?"

"आता काही नाही. बसायचं."

"दुसरा रस्ता?"

"साहेब, बस ड्रायव्हर चालवतोय, मी नाही."

ते येरझाऱ्या घालायला लागले. ठिपका सरकला, थांबला, सरकला. शेवटी हानेदाच्या हद्दीत शिरला आणि मी मोठ्यानं "आली!" म्हणाले. चाचांनी तोंडावरून हात फिरवले.

पण हानेदाला बस एकाच जागी थांबत नाही. तिथं टर्मिनल वेगवेगळे. टर्मिनल म्हणजे एकाच विमानतळाच्या वेगवेगळ्या इमारती, एकेका एअरलाइनची एकेक. बस त्यांच्यापुढून एकेक करत जाते. मी बाईंना आधीच लिहून ठेवलं होतं, पहिल्या थांब्यावर उतरू नका, दुसरा आपला. पहिल्या थांब्यावर जवळजवळ सगळी बस उठली. ती पडदेवाली म्हातारीही उठली. बाईंना वाटलं, आलं. त्याही उतरल्या. बस पुढं निघून गेली आणि बाईंचं वायफाय बसबरोबर गेलं.

माझ्या फोनवर ठिपका गोठला. चुकीच्या इमारतीसमोर.

मी मेसेज टाकला. एकच राखाडी टिक. दुसरा टाकला. एकच टिक. कॉल लागेना. चेक-इन बंद व्हायला फार वेळ नव्हता. तीन अक्षरांचे कोड, पीएनआर, एमसीटी, सगळं मला पाठ होतं, आणि त्यातलं काहीही त्या वेळी कामाचं नव्हतं. मी विमानतळाच्या चौकशी नंबरला फोन लावला. जपानी बोलणारी मशीन लागली. मग इंग्रजी बोलणारी मशीन लागली. मशीन म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

काझीसाहेब हळूच म्हणाले, "शबाना, हॉटेलचं बुकिंग आहे ना अजून? नाही जमलं तर रात्र काढतील. सकाळचं तिकीटही शाबूत आहे."

"आहे साहेब."

"मग टेन्शन नक्को ले."

म्हणायला ठीक होतं. पण ती पोरगी तिकडं सारखी आई कुठंय विचारत होती, ते मेसेज माझ्याच फोनवर येत होते.

बऱ्याच वेळानं एक व्हॉइस मेसेज पडला. बाईंचा. धापा टाकत बोललेला.

"शबाना... बसले गं इमानात. शेवटची मीच. दार लावायलेत. फोन बंद कर म्हणतीय पोरगी. ठेवते."

आम्ही चौघांनी तो मेसेज तीनदा ऐकला. झेरॉक्सवाल्यानं न सांगता चहा आणला.

मधल्या वेळात काय झालं तेही बाईंनी नंतर सांगितलं. चुकीच्या इमारतीत शिरून त्या काउंटरवर गेल्या. तिथल्या पोरीनं तिकीट बघितलं, मान हलवली, दुसरीकडं बोट दाखवलं. बाईंना इंग्रजी फार येत नाही. पण रिपोर्टिंग करून करून दवाखान्यातलं इंग्रजी चांगलं येतं. त्या म्हणाल्या, "माय डॉटर. लेबर पेन. कोची. आय अॅम नर्स, आय अॅम मदर." ती पोरगी काउंटर सोडून बाहेर आली. दोन्ही इमारतींच्या मधून जमिनीखालून वाट आहे. तिनं बॅग घेतली आणि पळायला लागली. बाई मागं. लुगडं वर खोचून. योग्य काउंटरवर पोचल्यावर त्या पोरीनं तिथल्या पोरीला काहीतरी सांगितलं. बॅग आत गेली, पास निघाला, आणि मग दुसरी पोरगी बाईंना घेऊन पळाली, गेटपर्यंत.

"एकीनं दुसरीच्या हाती दिलं," बाई म्हणाल्या. "आमी नाई का, रातपाळी संपली की पेशंट दुसरीच्या हाती देतो, तसं."

संध्याकाळी मी शटर ओढत असताना विशालचा मेसेज आला. "आई पोचल्या. आता लेबर रूममध्ये आहेत. इथल्या सिस्टरला त्यांनी आपलं जुनं ओळखपत्र दाखवलं. त्यांना आत घेतलं." मी तो काझीसाहेबांना वाचून दाखवला. त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा दाढी करायला सलून गाठलं. अर्धा गाल राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडत होते तेव्हा बाईंचा फोन आला. त्यांच्याकडं दुपार झाली होती.

"शबाना, जयभीम. आत्ताच झाली. पोरगी. नॉर्मल. लई गोरी न्हाई, आपल्यावानीच हाय, पण आवाज इतका खणखणीत हाय की जपानी नर्स दचकली."

मी म्हटलं, "मुबारक बाई! लई छान झालं."

मग मला राहवलं नाही. आमच्या धंद्यातली सवय. मी मनातल्या मनात वेळा जुळवल्या. सकाळचं विमान कोचीला कधी पोचलं असतं, तिथून दवाखाना किती लांब. आणि बोलून गेले, "म्हणजे बाई, ठरल्याप्रमाणं रात्री हॉटेलात झोपून सकाळच्या विमानानं गेला असतात, तरी वेळेत पोचला असतात की."



"बाळाच्या येळंत पोचले असते," त्या म्हणाल्या. "लेकीच्या येळंत न्हाई."

मग हळू आवाजात सांगायला लागल्या. रात्रभर कळा चालल्या. नर्सा चांगल्या, हात लावायच्या आधी मान लववणाऱ्या, पण बोलायच्या ते सगळं जपानीत. विशाल भाषांतर करून करून थकला आणि पहाटं खुर्चीत बसल्या बसल्या झोपला. प्रज्ञा मराठीतून ओरडायची आणि ते कळणारं त्या खोलीत बाईंशिवाय कुणी नव्हतं.

"माजं मनगट धरलं ते धरलंच गं. बघ, निळं पडलंय." आणि खरंच फोटो पाठवला. मनगटाचा. बाळाचा फोटो त्यानंतर आला.

काझीसाहेबांनी दोन्ही फोटो बघितले. मनगटाचा जास्त वेळ बघितला. मग म्हणाले, "पुढच्या वेळेपासून काय करायचं?"

साहेबांचा हा प्रश्न ठरलेला असतो. मी म्हटलं, "बाळंतपणाला निघालेल्या माणसाला बदलता येणारंच तिकीट द्यायचं. कितीही नको म्हणाले तरी."

तेव्हापासून मी तेच करते. अशी गिऱ्हाइकं आता बरीच येतात. लेकी सुना सगळीकडं पांगल्यात. ते डॉक्टरांनी दिलेली तारीख मला सांगतात, तिच्या पंधरा दिवस आधीचं पाहिजे म्हणतात, आणि स्वस्तातलं काढ म्हणतात. मी म्हणते, तारीख डॉक्टरांनी दिलीय, बाळानं नाही. थोडे कुरकुरतात. मग ऐकतात.